मतं फुटतात, की मोजणी फोडते?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचं नाही. हे ऐकल्याबरोबर मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी तंबाखूची डबी काढली, ते आम्हाला इथून दिसलं. मळा, हरकत नाही. पण कान इकडे ठेवा. दुपारी जेवणं झाली की इथंच आपल्याला जिल्हा समितीच्या पाच जागांसाठी मतदान करायचं आहे, आणि ते यंदा हात वर करून नाही. कागदावर नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालून करायचं आहे. ते कसं आणि कशासाठी, हे आधी समजून घ्या. न समजता दिलेलं मत आणि सावकाराच्या कागदावर न वाचता उठवलेला अंगठा, यांत फार फरक नसतो.

मागच्या खेपेला काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. हात वर करून निवड झाली. पऱ्हाटीवाल्या तालुक्यांतून माणसं जास्त आली होती, ज्वारीच्या पट्ट्यातून कमी. पाचही जागा पऱ्हाटीवाल्यांकडे गेल्या. कुणी लबाडी केली नाही, सगळं नियमानं झालं. आणि त्यानंतर ज्वारीच्या पट्ट्यातले कास्तकार बैठकीला यायचे हळूहळू बंद झाले. बहिणी शंभरातल्या वीस-पंचवीस असतात, त्यांची एकही निवडून आली नाही. नियमानं झालेल्या गोष्टीतून अर्धी माणसं तुटत असतील, तर माणसांना शिव्या देण्याआधी नियम तपासावा, असं आमचं म्हणणं आहे.

आता जिल्हा समिती बाजूला ठेवा. मोठ्या निवडणुकीकडे बघा. निकाल लागला की चावडीवर एकच वाक्य ऐकू येतं: “आपली मतं फुटली.” समजा एक हजार मतं पडली. प्रस्थापित पुढाऱ्याच्या माणसाला ४०० मिळाली. शेतकऱ्यांची बाजू मांडणारे दोघं उभे होते, एकाला ३३०, दुसऱ्याला २७०. निवडून कोण आला? ४०० वाला. सहाशे जणांना तो नको होता, तरी आला. मग पाच वर्षं आपण कुणावर चिडतो? त्या २७० वाल्यावर. “हा उभा राहिला म्हणून घात झाला. याला पैसे देऊन उभा केला.” कधी कधी खरंच पैसे देऊन उभा केलेला असतो, ते आम्ही नाकारत नाही. पण नेहमी नसतो. आणि पैसे देणाऱ्याला ते देणं परवडतं कशामुळे? मोजणी अशी आहे म्हणून. आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद सगळीकडे हीच मोजणी: ज्याची मतं सर्वांत जास्त तो आला, अर्ध्याच्या वर असोत की नसोत. अशा मोजणीत समोरच्याला तुम्हाला हरवावं लागत नाही. तुमच्यात एक माणूस वाढवला की पुरतं.

हे दुखणं फक्त आपलं नाही. शंभर वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना नेमकं हेच झालं होतं, आणि त्यांनी त्यावर जे केलं ते सांगण्यासारखं आहे.

तिथला गहूही कोरडवाहूच. पाऊस पडला तर पीक. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१५ साली सरकारनं सगळा गहू आपल्या ताब्यात घ्यायची योजना आणली. शेतकऱ्यानं गहू सरकारला द्यायचा, थोडी उचल घ्यायची आणि बाकीचे पैसे हप्त्या-हप्त्यानं येतील त्याची वाट बघायची. गहू न्यायला जहाजं नव्हती. थप्प्याच्या थप्प्या रेल्वेच्या बाजूला पडून राहिल्या, आणि १९१७ साली त्यांच्यावर उंदरांचा असा सुळसुळाट झाला की थप्प्या पोखरून निघाल्या. ज्यांनी १९७२ नंतरची आपली कापूस एकाधिकार खरेदी पाहिली आहे, संकलन केंद्रावर बैलगाडीखाली रात्री काढल्या आहेत, चुकाऱ्यासाठी खेटे घातले आहेत, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

तर हे शेतकरी संघटित झाले आणि निवडणुकीला उभे राहायला लागले. तिथं त्या वेळी एका बाजूला पंतप्रधान बिली ह्यूज यांचा राष्ट्रवादी पक्ष सत्तेवर होता, दुसऱ्या बाजूला मजूर पक्ष. शेतकरी तिसरे. मोजणी आपल्यासारखीच, जास्त मतंवाला आला. ऑक्टोबर १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. जॉन फॉरेस्ट नावाचे जुने, वजनदार पुढारी वारले, त्यांची जागा. मजूर पक्षानं एडविन कॉर्बॉय नावाचा बावीस वर्षांचा पोरगा उभा केला. शेतकऱ्यांकडून बेसिल मरे. सरकारी पक्षाकडून विल्यम हेजेस. मरे आणि हेजेस या दोघांचे मतदार मजूर पक्षाला मत देणारे नव्हते. निकाल काय लागला? कॉर्बॉयला १०० मागे सुमारे ३४, मरेंना ३१, हेजेसना ३० च्या जरा आत. कॉर्बॉय निवडून आला. शंभरातल्या साठांहून अधिक लोकांनी त्याच्या विरोधात मत दिलेलं. कॉर्बॉय वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. मजुरांचा प्रतिनिधी होता, त्यालाही निवडून यायचा हक्क होता. मुद्दा मोजणीचा आहे.

आपण असतो तर काय केलं असतं? मरेच्या आणि हेजेसच्या माणसांनी एकमेकांची डोकी फोडली असती. तिथल्या शेतकऱ्यांनी हे आधीच ओळखलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात फ्लिंडर्स नावाच्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती. सरकारी पक्षाचे उमेदवार स्टॅन्ली ब्रूस. व्हिक्टोरिया प्रांतातल्या शेतकरी संघानंही माणूस उभा केला. सरकारचे धाबे दणाणले. शेतकरी संघानं उमेदवार मागं घेतला, पण फुकट नाही. मोबदल्यात त्यांनी मंत्रिपद मागितलं नाही, महामंडळ मागितलं नाही. मागितली मोजणी. पसंतीक्रमाच्या मतदानाचा कायदा करू, असं वचन सरकारकडून घेतलं.

आम्हाला या सगळ्या गोष्टीत हा सौदा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे उमेदवार मागं घ्यायचा भाव काय असतो ते तुम्हाला माहीत आहे.

ऑक्टोबरात स्वानची जागा गेल्यावर सरकारलाही घाई झाली. शेतकऱ्यांचा पुळका आला म्हणून नव्हे, आपल्याच जागा जातील या भीतीनं. १९१८ संपायच्या आत कायदा झाला. आणि त्याच डिसेंबरात व्हिक्टोरिया प्रांतातल्या कोरँगामाइट मतदारसंघात त्याची पहिली परीक्षा झाली. मजूर पक्षाकडून जेम्स स्कलिन, हे पुढे १९२९ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले. शेतकरी संघाकडून विल्यम गिब्सन. शिवाय सरकारी पक्षाचा उमेदवार आणि आणखी दोघं. पहिल्या मोजणीत स्कलिनना सुमारे ४२ टक्के, गिब्सनना जेमतेम २६. जुन्या पद्धतीनं स्कलिन आले असते आणि शेतकरी घरी. नव्या पद्धतीत खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघितली गेली, आणि शेवटी गिब्सन छप्पन टक्क्यांच्या घरात जाऊन निवडून आले. १९२२ च्या निवडणुकीत शेतकऱ्यांच्या पक्षाचे १४ खासदार आले, त्यांच्याशिवाय कुणाचंच सरकार होईना. त्यांचे नेते अर्ल पेज यांनी अट घातली: ह्यूज पंतप्रधान नकोत. ह्यूज गेले. १९२३ मध्ये ब्रूस पंतप्रधान झाले. ज्यांच्यासाठी फ्लिंडर्समध्ये शेतकऱ्यांनी उमेदवार मागं घेतला होता, तेच ब्रूस. आणि पेज अर्थमंत्री.

आता ही मोजणी होते कशी ते बघू. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो खरे, पण ही गोष्ट समजवायला पुस्तक लागत नाही, सरकीची डोबणी पुरते. तुम्ही सरकी डोबता. आठ दिवसांनी ओळीनं फिरता. जिथं उगवलं तिथं दुसरं बी टाकता का? नाही. जिथं उगवलं नाही तिथं नांगी भरता. पसंतीचं मत म्हणजे नांगी भरणं. तुमच्या पहिल्या पसंतीचा माणूस शर्यतीत आहे तोवर तुमचं मत त्याच्याच खात्यावर. तो बाद झाला तर जागा रिकामी ठेवायची नाही. तुमची दुसरी पसंती तिथं लागू होते. दुसराही गेला तर तिसरी.

मघाचं उदाहरण घ्या. ४००, ३३०, २७०. जिंकायला अर्ध्याहून एक जास्त, म्हणजे ५०१ पाहिजेत. कुणालाच नाहीत. सर्वांत खालचा २७० वाला बाद. त्याच्या मतपत्रिका उघडून बघायच्या. समजा २०० जणांनी दुसरी पसंती ३३० वाल्याला दिली आहे, ४० जणांनी ४०० वाल्याला, आणि ३० जणांनी दुसरा आकडा घातलाच नाही. तर एकाचे झाले ५३०, दुसऱ्याचे ४४०. आला कोण? ५३० वाला. आणि २७० वाल्याचं उभं राहणं पाप ठरलं नाही. त्याला बसवायला रात्री कुणाच्या घरी जावं लागलं नाही. त्याला उभा करण्यात पुढाऱ्याचाही फायदा उरला नाही.

इथं एक शंका हमखास येते. दुसरी पसंती मोजली म्हणजे काही लोकांची दोन मतं झाली का? नाही. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचीच मतं पुन्हा मोजली जातात. ज्याचा माणूस टिकला त्याचं मत त्याच माणसाला पुन्हा लागलं, ज्याचा गेला त्याचं दुसऱ्याला. प्रत्येक फेरीत माणशी एकच. दुसरी शंका अशी की दुसरा आकडा घातला तर माझ्या पहिल्याला मार बसेल. एका जागेच्या निवडणुकीत तुमचा पहिला शर्यतीत असेपर्यंत तुमची दुसरी पसंती कुणी बघतसुद्धा नाही. पण उमेदवाराचे चेले येऊन कानात सांगतात, “फक्त एक घाला, बाकी कोरं सोडा.” त्यात तुमचं हित नसतं. वरच्या उदाहरणातले ते तीस जण आठवा. दुसऱ्या फेरीत त्यांचा आवाजच नव्हता.

पद्धत निर्दोष आहे असंही आम्ही सांगणार नाही. एखादा माणूस सगळ्यांची दुसरी पसंती असतो, कुणाचीच पहिली नसतो. तो पहिल्याच फेरीत बाद होतो, आणि गाव म्हणतं, अरे, हाच तर सगळ्यांना चालला असता. मोजणीला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियात लोकसभेला सगळ्या नावांपुढे आकडे घालणं सक्तीचं आहे, त्यामुळे कंटाळलेले लोक वरून खाली एक, दोन, तीन, चार घालून मोकळे होतात. तिथं त्याला गाढव-मत म्हणतात. ब्रिटनमध्ये २०११ साली ही पद्धत आणायची का म्हणून लोकांना विचारलं, तर मोठ्या बहुमतानं नको म्हणाले. तेव्हा ही काही संजीवनी नाही. फुटीवरचं औषध आहे, तेवढंच.

तुम्ही म्हणाल, परदेशातली गोष्ट आपल्याला कशाला? परदेशातली नाही. आपल्या देशाचे राष्ट्रपती याच पद्धतीनं निवडले जातात. १९६९ ची निवडणूक जुन्या माणसांना आठवत असेल. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले रायगडकडचे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि अर्थमंत्री राहिलेले. पहिल्या पसंतीत गिरींना मतमूल्य ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. गिरी पुढे, पण पोहोचले नाहीत. मग दुसऱ्या पसंती मोजल्या. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, तरी गिरींना जेवढी हवी होती तेवढी मिळाली. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. देशाचा राष्ट्रपती दुसऱ्या पसंतीवर ठरला. म्हणजे खासदार-आमदारांना स्वतःसाठी ही पद्धत बरोबर कळते. तुमच्या-आमच्यासाठीच ती अवघड असते.

आणि तुमच्या घरापर्यंतही ती आलेली आहे. विधान परिषदेत पदवीधरांचे सात आमदार असतात, शिक्षकांचे सात. त्यांची निवडणूक पसंतीक्रमानं होते. इथं बसलेल्या किती जणांच्या घरी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली पोरं-पोरी आहेत? हात वर करा. पुष्कळ आहेत. आता त्यातल्या किती जणांची नावं पदवीधरांच्या मतदार यादीत आहेत? बघा, हात खाली गेले. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते. पदवी होऊन तीन वर्षं झालेली पाहिजेत आणि १८ नंबरचा अर्ज स्वतः भरावा लागतो. शेतकऱ्याच्या पोराला वाटतं विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणजे झालं. शहरात संस्थावाले आपल्या माणसांचे अर्ज गठ्ठ्यानं भरून घेतात. पदवीधर आमदार शेतकऱ्याबद्दल बोलत नाही अशी तक्रार असते. त्याच्या यादीत शेतकऱ्याचं घर असेल तर तो बोलेल.

नाव घातलं तरी मत बाद करून येतात, हे तर आणखी वाईट. अमरावती विभागाची पदवीधर निवडणूक झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये मोजणी. धीरज लिंगाडे निवडून आले, रणजित पाटील पडले. दोघांतलं शेवटचं अंतर साडेतीन हजारांच्या आत होतं, आणि बाद झालेल्या मतपत्रिका आठ हजारांच्या वर. मतदार कोण? सगळे पदवीधर. कुणी फुली मारली असेल, कुणी बरोबरची खूण, कुणी अक्षरात “एक” लिहिला असेल, कुणी दोघांपुढे १ घातला असेल. आपली अडाणी म्हणवली जाणारी माय ग्रामपंचायतीला बरोबर बटण दाबून येते. तिचं मत सहसा वाया जात नाही.

इथवर सांगितलं ते एका जागेचं. जिथं एकाच वेळी अनेक जागा भरायच्या असतात तिथं ही पद्धत खरी कामाला येते, आणि शेतकऱ्याला तीच जास्त महत्त्वाची. बाजार समिती घ्या. २०२३ मध्ये बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या. संचालक अठरा. त्यात सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून सर्वसाधारण जागा सात. शेतकऱ्याला उभं राहायची मुभा होती, मत द्यायची नव्हती. मत सोसायटीच्या संचालकांना. तो एक वेगळाच अन्याय, त्यावर दुसऱ्या बैठकीत बोलू. आज मोजणीपुरतं बघा. मतदाराला सात शिक्के मारता येतात. समजा मतदार ८०० आहेत. एका पॅनलच्या मागे ४२०, दुसऱ्याच्या मागे ३८०. पहिल्या पॅनलचे ४२० लोक सातही जणांना शिक्के मारतात, सातही जण ४२० घेऊन येतात. दुसऱ्यांचे सातही ३८० वर पडतात. सात-शून्य. ३८० मतदारांच्या मागच्या गावांतून एकही माणूस आत नाही. काट्यावर काय चाललं, अडत किती कापली, कटती कोण घेतं, हे विचारायला आत कुणी नाही. पुढाऱ्यांना पॅनल एवढं प्रिय का, ते यात आहे.

हीच निवडणूक पसंतीक्रमानं घेतली तर प्रत्येकाचं मत एकच, पण आकडे घालून. सात जागा आहेत. ८०० ला सात अधिक एक, म्हणजे आठानं भागा. आले शंभर. त्यात एक मिळवा. १०१ मतं ज्याला मिळाली तो निवडून आला. हा कोटा. १०१ मतं जास्तीत जास्त सातच जणांना मिळू शकतात, आठव्याला पुरणारच नाहीत, म्हणून हा आकडा. आता ४२० वाल्यांचे किती येतील? चार. ३८० वाल्यांचे? तीन. चार-तीन. सत्ता पहिल्यांचीच राहिली, त्यांचं बहुमत आहे. पण तीन जण आत बसले, कागद बघायला, प्रश्न विचारायला.

यात एक गोष्ट नवी आहे. एखाद्याला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली तर जास्तीच्या मतांचं काय? शेततळं भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यातून खालच्या शेताला जातं, तसं जास्तीचं मत पुढच्या पसंतीला जातं. यासाठी राज्यसभेच्या निवडणुकीत प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. एका रुपयाचे शंभर पैसे करतात तसं, म्हणजे त्याचे तुकडे करता येतात. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांची निवडणूक झाली. उभे सात. वैध मतं २८४. म्हणजे किंमत २८,४००. सातानं भागून एक मिळवला, कोटा ४,०५८. पीयूष गोयल यांना पहिल्या पसंतीची ४८, अनिल बोंडे यांना ४८. शिवसेनेचे दुसरे उमेदवार संजय पवार यांना ३३. भाजपचे तिसरे धनंजय महाडिक यांना २७. आता साध्या माणसाला विचारा, ३३ आणि २७ मध्ये कोण आला? आले महाडिक. कारण गोयल आणि बोंडे यांच्याकडे प्रत्येकी ७४२ इतकी जास्तीची किंमत होती, आणि ती सांडव्यानं खाली महाडिकांच्या वावरात जाईल अशी दुसरी पसंती आधीच आखून दिलेली होती. कोण बरोबर, कोण चूक, हा आमचा विषय नाही. ज्याला पद्धत कळते तो सांडवा कुठं काढायचा ते आधी ठरवतो, एवढंच लक्षात घ्या.

आणि थोड्या लोकांना या पद्धतीचा काय उपयोग होतो, त्याचं यापेक्षा मोठं उदाहरण आहे. १९४६ साली घटना समितीची निवड प्रांतांच्या विधिमंडळांतून झाली, याच पद्धतीनं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून गेले ते मुंबईतून नव्हे, बंगालमधून. त्यांच्या मागे बंगालच्या विधिमंडळाचं बहुमत नव्हतं. जोगेंद्रनाथ मंडल आणि मोजके आमदार होते. ज्या मोजणीत बहुमतवाले सगळ्या जागा घेतात तिथं त्यांना वाट नव्हती. कोट्याच्या मोजणीत मिळाली.

आता आजच्या दुपारचं. प्रतिनिधी आहेत १२०, जागा पाच. प्रत्येक मताची किंमत १००, म्हणजे १२,०००. सहानं भागून एक मिळवा: २,००१. म्हणजे ज्याच्या नावापुढे २१ जणांनी १ घातला, तो निवडून आला. बहिणींची संख्या आम्ही सकाळी नोंदवही बघून मोजली, २६ आहे. त्यांनी ठरवलं तर कुणाच्याही मेहेरबानीशिवाय एक बाई समितीत येते. ज्वारीच्या पट्ट्यातले आज ४४ आले आहेत. दोन जण त्यांचे नक्की. पऱ्हाटीवाल्यांनी तोंड वाकडं करू नये. तुम्ही जास्त आहात, तुमचेही येतील, फक्त पाचही येणार नाहीत.

एखाद्याला ३० जणांनी १ घातला, तर त्याची किंमत ३,०००. कोट्याला २,००१ लागले, उरले ९९९. ते तीसही कागद पुढच्या पसंतीकडे जातील, पण प्रत्येकी ३३ किमतीनं. मताचे दोन हिस्से वापरले गेले, एक हिस्सा पुढे गेला. म्हणून आपल्या लाडक्या माणसाला आपण मत नाही दिलं तरी तो येईलच, असा हिशेब मनात करू नका. तुम्हाला जो सर्वांत पसंत त्याच्यापुढेच १ घाला. मत वाया जात नाही.

कागदावर नऊ नावं आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक नावापुढे चित्र आहे: तिफण, बैल, कणीस, बोंड, विळा, घागर, चूल, कंदील, माठ. पेन टेबलावर ठेवला आहे, तोच वापरायचा. आकडा मराठी घाला की इंग्रजी, एकच तऱ्हा ठेवा. १ एकालाच. २ एकालाच. फुली नको, बरोबरची खूण नको, सही आणि अंगठा तर अजिबात नको. नऊच्या नऊ नावांपुढे आकडे घालायची सक्ती नाही, पण निदान पाच तरी घाला. चूक झाली तर पेटीत टाकायच्या आधी सांगा, दुसरा कागद मिळेल. पेटीत पडल्यावर इलाज नाही.

मोजणी इथंच, सगळ्यांसमोर, फळ्यावर खडूनं लिहून होईल. कितीही वेळ लागो. मोजायला प्रत्येक तालुक्यातून एक माणूस आणि बहिणींपैकी दोघी पाहिजेत. उमेदवार आणि उमेदवाराचे नातेवाईक नकोत. ज्यांना बसायचं आहे त्यांनी जेवायला जाण्याआधी नावं या वहीत लिहून द्या.